पाऊस पडून गेल्यावर लाल दरीत

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे अशी घरे आता आपल्याकडे गावोगाव आहेत. उन्हाळ्याची सुटी जवळ आली की अम्मी-अब्बांची तिकिटे निघतात. परत आल्यावर आपल्याला फोटो बघायला मिळतात ते न्यूयॉर्कच्या इमारतींचे, नायगाराचे, नाही तर नातवंडांच्या शाळेचे. युटा या राज्याचे नाव त्यात सहसा येत नाही. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त सॉल्ट लेक सिटीला गेला तेव्हा आम्हीही नकाशा उघडूनच ते शोधले. गेल्या वर्षी १ मेला शाळेत निकाल वाटले आणि त्याच रात्री विमानतळ गाठला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भावाने सहा दिवसांची रजा काढली आणि सात जणांच्या गाडीत आम्हा सर्वांना घालून दक्षिणेकडे निघाला. तो, भावजय, त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा, आम्ही दोघे, नुकतीच दहावी दिलेली आमची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली अम्मी. लाल दगडांच्या दऱ्यांमधून पायी हिंडायचे, एवढाच बेत होता. पहिले दोन दिवस पाऊस लागला आणि बेताचे रूप बदलले.

दक्षिण युटात झायन, ब्राइस, कॅपिटॉल रीफ, आर्चेस आणि कॅनियनलँड्स अशी पाच राष्ट्रीय उद्याने आहेत. पहिला मुक्काम झायनला होता, सॉल्ट लेक सिटीहून सुमारे ५०० किलोमीटर. सुरुवातीला दूरच्या डोंगरांवर बर्फ दिसते, मग सीडर सिटी मागे पडली की माती लाल होऊ लागते. अम्मी खिडकीतून बघत होती. म्हणाली, "हा तर आपला जांभा!"

जांभा नव्हे, पण अम्मीची नजर अगदीच चुकली नव्हती. दोन्हींचा लाल रंग लोहाचा, म्हणजे एक प्रकारे गंजाचा आहे. फरक जन्माचा. कोकणातला जांभा मुसळधार पावसात मूळ खडक झिजून जागच्या जागी तयार झाला. झायनचा दगड म्हणजे वाळू. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे सहारासारखे वाळवंट होते. वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या एकावर एक दबल्या, पाण्यातून आलेल्या चुन्याने आणि लोहाने कण एकमेकांना चिकटले आणि त्याचा दगड झाला. उभ्या कड्यांवर ज्या तिरक्या रेषा दिसतात, ते त्या जुन्या टेकड्यांचे उतार आहेत. झायनमध्ये वाळूचा हा थर ६०० मीटरपेक्षाही जाड आहे आणि व्हर्जिन नावाच्या लहानशा नदीने तो चिरत नेला आहे. नदी बघितली तर विश्वास बसत नाही. आपल्या वाशिष्ठीपुढे ती एखाद्या पऱ्यासारखी.

मे महिना निवडण्यालाही कारण होते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे उन्हाने जीव नकोसा होतो आणि दुपारची वादळे येतात. हिवाळ्यात सावलीतल्या वाटांवर बर्फ असते. वसंतात कॉटनवुडच्या झाडांना कोवळी पाने येतात, निवडुंगांवर लाल फुले उमलतात आणि हवा आपल्या डिसेंबरसारखी असते. पावसाचे प्रमाण मात्र फार कमी. म्हणून आम्ही पोहोचलो त्या संध्याकाळी ढग भरून आले तेव्हा भावजयीला वाईट वाटले, आणि आम्ही कोकणातली माणसे खूश झालो.

झायनच्या मुख्य दरीत वसंतापासून शरदापर्यंत खासगी गाड्या सोडत नाहीत. उद्यानाच्या मोफत बसमधून जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसमध्ये चढलो तेव्हा रिमझिम होती. तासाभरात पाऊस वाढला आणि कड्यांवरून धबधबे सुटू लागले. आधी एक, मग तीन, मग मोजणे सोडून दिले. सह्याद्रीत पावसाळ्यात हेच दिसते, पण तिथे पांढऱ्या धारा हिरव्या डोंगरावरून येतात. इथे उघड्या लाल भिंतीवरून चहाच्या रंगाचे पाणी कोसळत होते. पाऊस थांबला आणि अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक धबधबे नाहीसे झाले. भिंतीवर फक्त काळे ओले पट्टे राहिले. डोंगर पाणी धरून ठेवत नाही, हे तिथे डोळ्यांनी दिसते. माती नाही, गवत नाही, मुळे नाहीत. जितके पडले तितके जवळजवळ लगेच खाली.

काही पाणी मात्र दगडात मुरते. ते वाळूच्या कणांमधून झिरपत हजार वर्षांहून अधिक काळाने खालच्या घट्ट थरापाशी येते आणि कड्याच्या पोटातून पाझरते. तिथे नेचे आणि शेवाळाच्या लोंबत्या बागा तयार झाल्या आहेत. अम्मीने तळहातावर थोडे थेंब घेतले. "हे कधीचं पाणी म्हणालास?" तिने भावाला दोनदा विचारले.

दरीच्या शेवटी पक्की वाट आहे, नदीच्या कडेने सुमारे दीड किलोमीटर. चाकाची खुर्चीही बऱ्याच अंतरापर्यंत जाते. अम्मी काठी टेकत शेवटपर्यंत आली. तिथून पुढे 'नॅरोज' सुरू होते. म्हणजे वाट संपते आणि नदीच वाट होते. दोन्ही बाजूंना उंच भिंती, आणि माणसे गुडघाभर पाण्यातून चालत जातात. आम्ही गेलो तेव्हा ती बंद होती. नदीत सेकंदाला १५० घनफूट, म्हणजे साधारण सव्वाचार हजार लिटरपेक्षा जास्त पाणी असेल तर कुणालाही आत सोडत नाहीत, आणि वसंतात डोंगरावरचे बर्फ वितळत असल्याने हा आकडा पुष्कळदा ओलांडला जातो. पाटी होती, साखळी होती, जवळच रेंजर उभी होती. तिथे वादाला जागाच नव्हती. प्रश्न पुढच्या मुक्कामावर आला, कारण तिथे साखळी नव्हती.

एस्कलांटे नावाच्या छोट्या गावापासून एक कच्चा रस्ता वाळवंटात जातो. त्याला 'होल इन द रॉक रोड' म्हणतात. १८७९-८० च्या हिवाळ्यात मॉर्मन पंथाची कुटुंबे बैलगाड्या घेऊन या बाजूने गेली होती. या रस्त्यावर ४० किलोमीटरच्या आसपास गेले की 'पीकाबू' आणि 'स्पूकी' या दोन घळी लागतात. घळ म्हणजे अक्षरशः फट. स्पूकी काही ठिकाणी फूटभरही रुंद नाही. माणूस आडवा होऊन, पोट आत घेऊन सरकतो. वर बघितले तर आकाशाची एक रेघ. पुतण्याने या दोन घळींसाठीच कॉलेजची सुटी आमच्या सोबत घालवायचे कबूल केले होते. सहा महिने तो व्हिडिओ बघत होता. आमची मुलगीही त्याच्या बाजूने.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. आम्ही एस्कलांटेच्या माहिती केंद्रात गेलो. काउंटरवरच्या रेंजरने तीन गोष्टी सांगितल्या. रस्त्यावर मधे चिकणमातीचे पट्टे आहेत. ते ओले झाले की चारही चाकांना ताकद देणारी गाडीसुद्धा घसरते किंवा रुतते. घळींच्या तळाशी खड्ड्यांत थंडगार पाणी साचलेले असणार. आणि दुपारनंतर पुन्हा गडगडाटी पावसाची शक्यता आहे. "मग घळ बंद आहे का?" पुतण्याने विचारले. रेंजर म्हणाला, बंद नाही. ही सरकारी मोकळी जमीन आहे, निर्णय तुमचा.

बाहेर येऊन पुतण्याने वर बोट केले. "फुफी, बघा ना! एक तरी ढग आहे का?"

इथे थोडे थांबून ही घळ काय चीज आहे ते सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या वाचकाला पूर म्हणजे चढत जाणारे पाणी ठाऊक असते. आमच्या घरालाही तेच ठाऊक आहे. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाले तेव्हा अम्मी आणि आम्ही वरच्या मजल्यावर रात्र काढली होती. पायरी-पायरीने पाणी वर येत होते आणि आम्ही पायऱ्या मोजत होतो. घळीतला पूर असा येत नाही. घळीच्या वरच्या अंगाला मैलोन्‌मैल पसरलेला उघडा दगड असतो. तिथे कोसळलेले पाणी चहूबाजूंनी एकाच फटीकडे धावते. ज्या पाण्याला वर शंभर मीटरची जागा होती, त्याला आत एक मीटर मिळते. मग ते उंची घेते. दगड, झाडाची खोडे, चिखल असे सगळे मिळून ते भिंतीसारखे पुढे येते. तुमच्या डोक्यावर ऊन असते, आणि पाऊस पडलेला असतो वीस किलोमीटरवर.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या पेज गावाजवळच्या अँटिलोप घळीत नेमके हेच झाले. घळीच्या तोंडाशी पाऊस नावालाच होता. वरच्या बाजूला काही मैलांवर वादळ कोसळले. आत असलेले ११ पर्यटक गेले, त्यातल्या दोघांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत. ही जमीन नवाहो आदिवासींची आहे. आज गाइडशिवाय तिथे कुणाला सोडत नाहीत आणि आतल्या जुन्या लाकडी शिड्यांच्या जागी लोखंडी शिड्या आल्या आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्या कीहोल घळीत सात जण बुडाले. त्यांनी रीतसर परवाना घेतला होता. त्याच संध्याकाळी जवळच्या हिल्डेल गावात दोन गाड्या पुरात गेल्या आणि बायका-मुले मिळून १३ जणांचा जीव गेला.

पूर येण्याआधी काही खुणा दिसतात, त्या उद्यानाच्या फलकांवर लिहिलेल्या असतात. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे, काड्या-पाला वाहत येणे, वरच्या बाजूने घरघर ऐकू येणे, ढग जमणे, पाणी वाढणे. यातले काहीही दिसले तर सामान न बघता उंचावर चढायचे. पण चढायला जागा असेल तर! स्पूकीसारख्या घळीत दोन्ही हात पसरता येत नाहीत, तिथे चढणार कुठे?

गाडीपाशी उभे राहून आमचे अर्धा तास बोलणे झाले. पुतण्याचे म्हणणे अगदी पोरकट नव्हते. त्याने हिशोब मांडला. आता सकाळचे साडेनऊ. वादळ आलेच तर दुपारी तीननंतर. दोन तास जायला, दोन तास घळीत, दोनला आपण गाडीत. भाऊ मधेच लटपटला, "आपा, पोराचं बरोबर आहे का? इतक्या लांबून आलात तुम्ही." आमच्या ह्यांनी चिकणमातीचा मुद्दा काढला. घळीतून वेळेवर बाहेर आलो, पण गाडी रुतली तर? मोबाइलला रेंज नाही, सोबत अम्मी. पुतण्या म्हणाला, दादीला हॉटेलात ठेवू. ते ऐकून भावजय त्याच्यावर चिडली.

अम्मी गाडीत बसून सगळे ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "लोणावळ्याला ती पोरं पाण्यात एकमेकांना धरून उभी होती. तिथंही आधी पाणी घोट्याइतकंच असणार."

३० जून २०२४ ची ती गोष्ट वाचकांना आठवत असेल. भुशी धरणामागच्या धबधब्याच्या प्रवाहात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसे, त्यात लहान मुले, वाहून गेली. घरात लग्नकार्य झाले होते, पाहुणे जमले होते, पाऊस छान पडला होता म्हणून सगळे फिरायला निघाले होते. प्रवाहाच्या मधोमध घोळका करून उभ्या असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ महिनाभर प्रत्येक फोनवर फिरला. आम्ही तो वर्गातल्या मुलांना पुढे पाठवू नका म्हणून सांगितले होते. घरात मात्र सगळ्यांनी बघितला होता. पुतण्यानेही.

त्यानंतर तो काही बोलला नाही. भावाने गाडी पक्क्या रस्त्याला लावली. पुतण्याने कानात इअरफोन घातले आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी नीट बोलला नाही. त्याचा राग आम्हाला समजत होता. कुणी तरी साखळी लावून अडवले तर माणूस त्या साखळीवर रागावतो. इथे रागवायला समोर फक्त घरचीच माणसे होती.

दुपारी तीनला खरेच गडगडले. आम्ही तोवर बोल्डरचा घाट चढून टोरी गावाजवळ आलो होतो, घाटात कडेला बर्फ होते. दक्षिणेकडे काळी भिंत उभी राहिली आणि विजा दिसल्या. भाऊ म्हणाला, "बघ." पुतण्या म्हणाला, "अब्बू, आपण तर दोनलाच गाडीत असतो." त्या दिवशी त्या घळीत पाणी आले की नाही, आम्हाला कधीच कळले नाही. कळायला मार्गही नव्हता.

चौथा दिवस कॅपिटॉल रीफचा. पाच उद्यानांत इथे गर्दी तुलनेने कमी, आणि आम्हाला सगळ्यांत आवडले तेही हेच. लाल कड्यांच्या पायथ्याशी फ्रीमाँट नदीच्या काठी फ्रुटा नावाची जुनी वस्ती आहे. १८८० च्या सुमारास मॉर्मन कुटुंबांनी इथे नदीचे पाट काढून सफरचंद, पीच, चेरी, जर्दाळूच्या बागा केल्या. एका वेळी दहापेक्षा जास्त घरे इथे कधी नव्हती. माणसे गेली, बागा उद्यानाने सांभाळल्या. हंगामात फळे तोडून खायलाही देतात. मे महिन्यात अर्थातच हिरव्या गोळ्या होत्या. १८९६ साली बांधलेली एका खोलीची शाळाही आहे. खिडकीतून आत बघितले तर लाकडी बाक, फळा, मधोमध शेगडी. आठही इयत्ता एकाच शिक्षिकेकडे. १९४१ साली ती बंद झाली. आपल्याकडे डोंगरातल्या वाड्यांवरच्या शाळांचे पटसंख्येवरून जे चालले आहे, ते मनात आल्यावाचून राहिले नाही. पण तो विषय वेगळा.

इथल्या केंद्रात विचारले. रात्री पाऊस नव्हता, दिवसभराचा अंदाज कोरडा होता, 'ग्रँड वॉश'मध्ये जायला हरकत नाही म्हणाले. 'वॉश' म्हणजे एरवी कोरडे असणारे ओढ्याचे पात्र. अरबीत त्यालाच 'वादी' म्हणतात. उर्दूत आपण वादी म्हणजे हिरवीगार दरी समजतो, गाण्यांनी आपली ती समजूत करून दिली आहे. पण अरबस्तानातली वादी म्हणजे नेमके हेच. वर्षभर कोरडी, आणि एका दिवसात नदी. गंमत म्हणजे जुलै ते सप्टेंबरमधल्या वादळी पावसाला अमेरिकेच्या या भागात 'मॉन्सून' म्हणतात, आणि तो शब्द आला 'मौसिम'वरून. हेही अरबीच.

ग्रँड वॉश साडेतीन किलोमीटर लांब आहे. पात्र सपाट, घळीसारखे गुदमरवणारे नाही, फक्त मधे भिंती जवळ येतात. पावसानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अशा ठिकाणी चालण्यात जे सुख आहे, ते कोरड्या दिवसांत नाही. ओली वाळू कडक झालेली, पाय रुतत नाही. वाळत चाललेल्या चिखलाच्या कडा वर वळून पापडांसारख्या झालेल्या. दगडाच्या खळग्यांत पाणी. हवेला ओल्या मातीचा आणि झुडपांचा वास. पुतण्या पुढे चालला होता. तो एका वळणावर थांबला आणि त्याने हाक मारली. भिंतीच्या एका कपारीत आमच्या डोक्यापेक्षा वर एक झाडाचा ओंडका आडवा अडकला होता आणि त्याभोवती काड्या-पाल्याचे घरटे झाले होते. कुठल्या तरी वर्षीचे पाणी तिथवर आले होते. २०२२ च्या जूनमध्ये याच ग्रँड वॉशमध्ये पूर येऊन गाड्या वाहून अडकल्या होत्या आणि माणसांना सोडवावे लागले होते. पुतण्याने ओंडक्याखाली उभे राहून हात वर केला. हात पोहोचत नव्हता. आमच्या मुलीने फोटो काढला.

परतताना फ्रीमाँट नदी दिसली. विटकरी रंगाची, आणि काठाला तपकिरी फेसाचे पुंजके. सूरह रअदच्या सतराव्या आयतीत वाद्यांमधून वाहणाऱ्या पाण्याचा आणि त्यावर चढणाऱ्या फेसाचा दाखला आहे. ती आयत आम्ही अनेकदा वाचली, तिचा तर्जुमा समजावूनही सांगितला आहे. पण कोकणात बारमाही ओल्या डोंगरात राहून तो फेस कधी असा बघितला नव्हता. अम्मीने गाडी थांबवायला लावली आणि बराच वेळ काच खाली करून ती बघत राहिली.

नमाजबद्दल विचारणा होतेच, म्हणून लिहितो. आम्ही कोकणातले शाफई, त्यामुळे प्रवासात जुहर आणि असर कसर करून एकत्र पढत होतो. भावजय मराठवाड्यातली, हनफी. ती प्रत्येक नमाज तिच्या वेळेवर. म्हणून गाडी दोनदा थांबायची, आणि अम्मी म्हणायची, बरे झाले, पाय मोकळे होतात. किबल्यावरून पहिल्या दिवशी मुलीचा गोंधळ झाला. आपण पश्चिमेकडे तोंड करतो, तिथे उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ३० अंश वळायचे. सपाट नकाशावर हे पटत नाही. भावाच्या घरी पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवला तेव्हा पटले. मगरिब रात्री आठनंतर होते, इशाला पावणेदहा होतात. जेवण त्याआधी उरकलेले बरे.

पाचव्या दिवशी मोआबजवळ असरच्या वेळी आम्ही एका सपाट खडकावर होतो. खडकात ठिकठिकाणी ताटाएवढे, घमेल्याएवढे खळगे पावसाच्या पाण्याने भरलेले. वुझूसाठी याहून चांगली सोय कोणती, असे वाटून आमचे हे बाह्या सरसावून वाकले. पुतण्याने अडवले. सकाळी उद्यानात वाचलेल्या फलकाचा फोटो त्याने फोनवर उघडला. या खळग्यांत बोटाच्या पेराएवढे झिंगे राहतात. पाणी आटले की ते मरतात, पण त्यांची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षे तशीच पडून राहतात आणि पाऊस आला की फुटतात. पाणी पुन्हा आटायच्या आत जन्म, वाढ, अंडी सगळे उरकायचे. आपल्या हाताचे तेल, सनस्क्रीन, साबणाचा अंश एवढ्यानेही त्यांचे पाणी नासते. आम्ही वाकून बघितले तर खरेच, ढालीसारखी पाठ असलेले दोन जीव तळाशी फिरत होते. मग बाटलीतल्या पाण्याने वुझू केला. रसूलुल्लाह (स.) एका मुद्द पाण्यात वुझू करत असे हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे जेमतेम पाऊण लिटर. पुतण्या बाटली धरून प्रत्येकाच्या हातावर पाणी ओतत होता आणि खाली किती उरले ते बघत होता. सात जणांचा वुझू पाच लिटरच्या कॅनमध्ये झाला.

पायाखालच्या मातीबद्दलही तिथे असेच सांभाळायला सांगतात. वाळूवर काळसर, खडबडीत साय धरलेली दिसते. ती माती जिवंत असते. सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफूल मिळून वाळूला धरून ठेवतात. पाऊस पडला की ती हिरवट होते. एक पाऊल पडले तर भरून यायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून ठरलेल्या पायवाटेवरून किंवा नुसत्या दगडावरूनच चालायचे. आणि पावसानंतर दगडाचाही भरवसा धरायचा नाही. वाळूचा दगड ओला असताना कमजोर असतो. दोर लावून कडे चढणारे लोकही पावसानंतर दोन-तीन दिवस वाट बघतात. आर्चेसमध्ये २००८ च्या ऑगस्टमध्ये 'वॉल आर्च' नावाची मोठी कमान एका रात्रीत कोसळली. आम्ही 'डेलिकेट आर्च'पर्यंत गेलो. जाऊन-येऊन पाच किलोमीटरच्या आत, पण चढ उघड्या दगडावरचा आणि सावली शून्य. अम्मी आणि भावजय खालच्या वाहनतळावर थांबल्या.

बाकी गोष्टी थोडक्यात. लहान गावांत हलाल मांस मिळत नाही. भावजयीने शामी कबाब आणि कीमा गोठवून बर्फाच्या पेटीत घेतला होता, सोबत रोट्या, लोणचे, खजूर, चणे. बाहेर खायचे तर मासे किंवा भाजीचा पिझ्झा. मेक्सिकन हॉटेलात राजम्याच्या भाजीत डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्यावे. चालायला मुलींनी गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता, ट्रॅक पँट आणि पिना न लावता मागे गाठ मारलेला स्कार्फ घातला, कुठे अडचण आली नाही. दर माणशी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत हवेच, पाऊस पडलेला असला तरी. लाल चिखलाचे डाग पांढऱ्या कपड्यांवरून जात नाहीत.

ऑक्टोबरमध्ये पुतण्या मित्रांबरोबर पुन्हा एस्कलांटेला गेला. आधीचे पाच दिवस पाऊस नव्हता, पुढचे तीन दिवस अंदाज कोरडा होता. हे सगळे त्याने निघण्याआधी घरच्या ग्रुपवर लिहिले, माहिती केंद्रातल्या कागदाच्या फोटोसकट. संध्याकाळी रेंज आल्यावर स्पूकी घळीतला फोटो आला. तो आडवा होऊन सरकतो आहे, नाक दगडाला लागलेले, हसतो आहे. खाली त्याने लिहिले होते, "फुफी, दादीला दाखवा. आत फक्त मावळा मावेल." अम्मीने चष्मा लावून फोटो मोठा करून घेतला. पोराकडे तिने नंतर बघितले. आधी बोटाने फोटो खाली सरकवून वरच्या बाजूला काय अडकले आहे का, ते शोधले.